पहिला प्लॉटर घेताना: खान्देशातल्या नव्या आर्किटेक्ट आणि इंजिनिअरांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळ, चाळीसगाव, शहाद्यासारख्या गावात स्वतःचं ऑफिस थाटलं की वर्ष-दीड वर्षात प्लॉटरचा, म्हणजे मोठी ड्रॉइंग छापणाऱ्या प्रिंटरचा, विषय निघतोच. तोवर पेन ड्राइव्ह घेऊन पोरगा प्रिंटच्या दुकानात जातो, रांगेत थांबतो, रेषा फिकट आल्या तरी तीच शीट उचलून साइटवर नेतो. मग एखाद्या दिवशी स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी बीममध्ये बदल होतो, दुकानाचं शटर खाली आलेलं असतं, आणि आता आपलं मशीन हवंच असं मनाशी ठरतं. ते ठरवणं बरोबर आहे. फक्त त्याच रात्री डीलरला फोन लावू नका.

आपल्या ऑफिसात प्लॉटरला दोन प्रकारची कामं असतात. एक, साइटवर आणि मंजुरीला जाणारी रेषांची ड्रॉइंग. दुसरं, ग्राहकापुढे ठेवायची रंगीत प्रेझेंटेशन शीट. या दोन्हींना शाई वेगळी लागते, कागद वेगळा लागतो, आणि चुकीला माफीही वेगळी असते. डीलरच्या शोरूममध्ये मात्र चकचकीत कागदावरचा रंगीबेरंगी बंगला दाखवतात आणि आपण त्यावर भाळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: मशीन रोजच्या रेषांसाठी निवडा. रंगात ते जेवढं देईल तेवढं पदरात पाडून घ्या. महिन्याला चार-दोन भारी बोर्ड लागत असतील तर ते खुशाल बाहेरून छापून आणा.

आधी वही

दोन महिने एक साधी वही ठेवा. बाहेर छापलेल्या प्रत्येक शीटचा आकार, रेषांची की रंगीत, किती प्रती आणि किती पैसे दिले एवढंच त्यात लिहायचं. एकच शीट दुरुस्तीमुळे परत छापावी लागली तर तीही लिहा. ही नोंद बहुतेक जण करत नाहीत, आणि ऑफिसचा खरा खर्च नेमका तिथेच लपलेला असतो.

मग हिशोब. आकडे समजण्यापुरते धरा आणि त्यांच्या जागी तुमच्या गावचे दर घाला. समजा दुकानात ए१ शीटला ५० रुपये पडतात आणि घरच्या मशीनवर कागद-शाई मिळून १८ रुपये. शीटमागे ३२ रुपये वाचले. मशीन, स्टँड आणि यूपीएस मिळून १,२८,००० रुपये लागले, तर ४,००० शीट छापल्यावर पैसे वसूल. महिन्याला १०० शीट निघत असतील तर साधारण ४० महिने. महिन्याला ४० च निघत असतील तर आठ वर्षांहून जास्त, आणि तेवढ्या काळात मशीनचं आयुष्यही संपत आलेलं असेल.

आकडा असा कमी निघाला तर नाराज होऊ नका. एकाच कॉम्प्लेक्समध्ये दोन आर्किटेक्ट आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बसत असतील तर तिघांत मिळून एक मशीन घेणं हा उत्तम मार्ग आहे. कुणी किती छापलं याची नोंद बरीच मशीनं स्वतःच ठेवतात, त्यामुळे महिनाअखेर वाद होत नाहीत. शिवाय मशीनला रोज काम मिळतं, आणि इंकजेटचं, म्हणजे शाई फवारून छापणाऱ्या मशीनचं, आयुष्य रोजच्या कामानेच वाढतं.

रुंदी: २४ इंच की ३६ इंच

ए० म्हणजे ८४१ बाय १,१८९ मिलिमीटर, जवळजवळ एक चौरस मीटर. त्याचा अर्धा ए१, म्हणजे ५९४ बाय ८४१. त्याचा अर्धा ए२, ४२० बाय ५९४. रोल मात्र इंचांत मिळतात. २४ इंची रोल ६१० मिलिमीटर रुंद असतो, त्यावर ए१ ची आखूड बाजू जेमतेम बसते. ३६ इंची रोल ९१४ मिलिमीटर, त्यावर ए० बसतो. ४२ आणि ४४ इंचीही मशीनं आहेत, पण नव्या ऑफिसने त्यांच्या नादी लागू नये.

आता आपली कामं मोजून बघा. ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवरचा बंगला १:५० ला काढला तर प्लॅन कागदावर साधारण १८३ बाय २४४ मिलिमीटर होतो. एका ए१ वर तळमजला, पहिला मजला, सेक्शन आणि दोन एलिव्हेशन आरामात मावतात. दहा एकरांचं एनए (बिगरशेती) लेआउट घ्या. चौरस धरलं तर बाजू सुमारे २०० मीटर, १:५०० ला कागदावर ४०० मिलिमीटर. तेही ए१ वर बसलं, वर एरिया स्टेटमेंटला जागा उरली. बंगले, रो-हाउस, छोटे अपार्टमेंट आणि लेआउट हेच तुमचं काम असेल तर २४ इंची मशीन पुरतं. जिनिंग फॅक्टरी, केळीचं कोल्ड स्टोरेज, शाळा, हॉस्पिटल, मोठं मंगल कार्यालय असली कामं वर्षाला तीन-चार जरी येत असतील तर ३६ इंची घ्या. पुढे कामं वाढतील एवढ्या आशेवर मात्र घेऊ नका. ते जागा जास्त खातं, रोल महाग पडतो, आणि ए० चे तुकडे जोडून वर्षातून एकदा भागवता येतं.

३६ इंचीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. त्यावर ए१ आडवा टाकता येतो, म्हणजे लांबी ५९४ मिलिमीटरच लागते. ४५ मीटरच्या रोलमध्ये २४ इंचीवर ५३ शीट निघतात, तर ३६ इंचीवर आडव्या ७५. छपाईही लवकर उरकते. बदल्यात कडेची ७३ मिलिमीटरची पट्टी वाया जाते. तुमच्या गावात दोन्ही रोलांचा भाव काय आहे ते विचारून ठरवा.

२४ इंचीवर आणखी एक गोष्ट. मशीन कडेला काही मिलिमीटर छापत नाही. टायटल ब्लॉकची (ड्रॉइंगचं नाव-नंबर लिहायच्या जागेची) चौकट अगदी काठाला नेली असेल तर ती कापली जाईल. टेम्प्लेटमध्ये चौकट चारी बाजूंनी किमान १० मिलिमीटर आत घ्या, आणि फायलिंगची बाजू त्याहून जास्त सोडा.

शाई: इथे घाई नको

प्लॉटरची शाई दोन जातींची. डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगासारखी असते, कागदात मुरते, रंग उजळ दिसतात, पण पाणी लागलं की पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या वर बसतात, पाणी आणि ऊन जास्त सोसतात. साइटवर शीट कुठे कुठे फिरते ते आठवा: सेंट्रिंगच्या फळीवर, क्युरिंगच्या पाण्याशेजारी, मिस्तरीच्या घामेजल्या हातात, जूनच्या पहिल्या सरीत. कॉलमच्या शेड्यूलवर पाण्याचा ओघळ आला आणि बारच्या जाडीचा १६ हा आकडा पुसट झाला, की मिस्तरी आधी विचारतो, "दादा, हाई काय लिखेल शे?" विचारतो तो मिस्तरी चांगला. जो विचारत नाही आणि अंदाजाने १२ चा बार टाकतो, त्याची भीती वाटते.

म्हणून साइटसाठी काळी शाई पिगमेंटच हवी, यात तडजोड नाही. ती बहुतेक मशीनांत असते. प्रश्न रंगांचा आहे. आपल्याकडच्या मंजुरीच्या नकाशांत रंगांना अर्थ असतो: प्रस्तावित काम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचने (जवळजवळच्या तिरप्या रेषांनी), अस्तित्वातला रस्ता हिरवा, ड्रेनेज लाल तुटक रेषेत, प्लॉटची हद्द जाड काळी. म्हणजे आपलं रेषांचं ड्रॉइंगही रंगीत असतं, आणि लाल रंग पाण्याने पसरला तर नकाशाचा अर्थच पसरतो. महानगरपालिका-नगरपालिकांकडचं परवानगीचं काम आता बरंचसं ऑनलाइन गेलं आहे, तरी साइट, बँक, ग्रामपंचायत आणि मालकाची फाइल यांना कागद लागतोच.

बाजारात मुख्य तीन कंपन्या आहेत. एचपीच्या डिझाइनजेट मालिकेतल्या टी२३० किंवा टी६५० सारख्या लहान मॉडेलांत काळी शाई पिगमेंट आणि रंग डाय असतात. काळ्याचं काट्रिज ३८ किंवा ८० मिलीचं, रंगांची २९ मिलीची. कॅननच्या इमेजप्रोग्राफ टीएम मालिकेत पाचही शाया पिगमेंट असतात, त्यात मॅट काळी आणि साधी काळी अशा दोन, आणि टाक्या १३० किंवा ३०० मिलीच्या. एप्सनच्या शुअरकलर टी मालिकेत चारही रंग पिगमेंट असतात, आणि २४ इंचीमध्ये बाटलीने शाई भरायची मॉडेलंही आहेत. साइटवरची ड्रॉइंग जास्त असतील तर माझा कल सगळे रंग पिगमेंट असलेल्या मशीनकडे आहे. एचपीची लहान मॉडेलं जागेला आटोपशीर आणि हाताळायला सोपी आहेत. ज्यांची रंगीत शीट टेबलावरच राहणार, त्यांनी ती जरूर बघावीत.

मशीनच्या किमतीपेक्षा शाईचा मिलीमागचा भाव विचारा. काट्रिजची किंमत भागिले मिली, एवढंच. रेषांच्या शीटला शाई फार लागत नाही. कागद भरून रंग असलेल्या बोर्डला मात्र चौरस मीटरला १० मिलीच्या आसपास शाई जाऊ शकते, कागद आणि क्वालिटीप्रमाणे कमी-जास्त. २९ मिलीची तीन रंगीत काट्रिज म्हणजे ८७ मिली. ए१ बोर्डला ५ मिली धरली तर सतरा बोर्डांत ती संपली, आणि शाई फवारणारं हेड साफ करायला जाणारी शाई वेगळी. नव्या मशीनसोबत येणारी काट्रिज पुष्कळदा कमी भरलेली असतात, हेही लक्षात ठेवा.

स्वस्त रिफिलचा मोह होईल. कित्येक मशीनं कंपनीची चिप नसलेलं काट्रिज घेत नाहीत, आणि आज घेतलं तरी पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर नाकारू शकतात. बाटलीची शाई हवी असेल तर कंपनीनेच बाटलीसाठी बनवलेलं मॉडेल घ्या.

रंगीत बोर्ड

आपल्याकडे बंगल्याचं प्रेझेंटेशन एकट्या मालकासमोर होत नाही. आबा, आई, दोघे भाऊ, सुना, कधी गावाहून आलेले मामाही असतात. लॅपटॉपच्या पडद्यासमोर सगळ्यांना बसवता येत नाही. शीट टेबलावर पसरली की आबा बोट ठेवून विचारतात, देवघर कुठे, जिना कुठून, गाय बांधायची जागा ठेवली का. असं कागदाभोवती बसून बोलणं झालं की डिझाइनमधल्या अर्ध्या शंका तिथेच मिटतात, म्हणून रंगीत शीटला मी मोठं महत्त्व देतो.

पण त्यासाठी महागडं मशीनच हवं असं नाही. आधी कागद बदला. ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) साध्या बाँड कागदावर रंग मुरतो, कागदाला सुरकुत्या येतात, आणि लोक मशीनला दोष देतात. त्याच मशीनवर १२० ते १८० जीएसएमचा कोटेड मॅट कागद घाला, फरक लगेच दिसेल. ग्लॉसी कागद जपून घ्या. मॅट काळी शाई त्यावर नीट बसत नाही, बोट फिरवलं की निघते. शिवाय ट्यूबलाइटखाली चमक येते आणि निम्म्या लोकांना प्लॅन दिसतच नाही. मॅट किंवा हलका सॅटिन बरा. ड्रायव्हरमध्ये घातलेल्या कागदाचंच नाव निवडा. कोटेड कागद घालून सेटिंग साधं ठेवलं तर मशीन शाई कमी टाकतं आणि रंग मेलेले येतात.

दुसरी गोष्ट पडद्याची. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं इमारतीचं चित्र, पडद्यावर उजळ दिसतो कारण पडदा स्वतः उजेड देतो. कागद देत नाही. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून काम करा आणि छापण्याआधी सावलीतले भाग थोडे उजळ करून घ्या. मोठा बोर्ड छापण्याआधी त्याचीच एक पट्टी, ए४ एवढी, त्याच कागदावर काढून बघा. आकाश, लाकूड, गवत आणि राखाडी भिंत या चार जागा त्या पट्टीत आल्या पाहिजेत. राखाडी भिंत सगळ्यात अवघड. चार शायांच्या मशीनवर राखाडी रंग बऱ्याचदा निळसर किंवा लालसर येतो, कारण तो इतर रंग मिसळून तयार होतो. एचपीच्या टी१७०० सारख्या सहा शायांच्या मशीनमध्ये वेगळी राखाडी शाई असते, कॅननच्या प्रो मालिकेत तर बारा टाक्या असतात. इंटिरिअर हेच ज्यांचं मुख्य काम आहे त्यांनी या वर्गाकडे बघावं. बाकीच्यांनी असे बोर्ड जळगाव किंवा नाशिकच्या चांगल्या डिजिटल लॅबमधून छापून घ्यावेत.

फ्लेक्सच्या दुकानातला फ्लेक्स साइटच्या बोर्डाला ठीक. प्लॅनच्या बारीक रेषा आणि मापं त्यावर वाचता येत नाहीत.

ऊन, धूळ आणि वीज

इथे खान्देशाचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. कंपनीच्या माहितीपत्रकात मशीनसाठी खोलीचं तापमान लिहिलेलं असतं. काही मॉडेलांना ३० अंशांपर्यंतच चालतं, काहींना ४० पर्यंत. ते पान मागून वाचा. पत्र्याच्या छताखालच्या पोटमाळ्यावर, पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीसमोर मशीन ठेवायचं नाही. कोरड्या गरम हवेत प्रिंटहेडच्या बारीक भोकांतली शाई सुकते आणि रेषांत पांढऱ्या फटी येतात.

यावर उपाय म्हणून लोक कूलर मशीनकडे वळवतात, आणि नवी अडचण ओढवून घेतात. कूलरची हवा ओली असते. कागद ती पितो, फुगतो, काठाला लाटा येतात, आणि वर आलेल्या काठाला हेड घासतं. कूलर लावा, पण झोत मशीनवर नको. एसी असेल तर उत्तमच. न वापरलेला रोल प्लास्टिकच्या पिशवीत, आडवा, जमिनीपासून वर ठेवा.

धुळीचं तसंच. काळ्या मातीची धूळ आणि हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात, विशेषतः ऑफिस जिनिंग किंवा मार्केट यार्डाच्या जवळ असेल तर. एक बारीक तंतू हेडखाली अडकला की शीटभर शाईचा फराटा ओढत नेतो. काम संपलं की सुती चादर टाकली जाते, तिचेच तंतू आत जातात. त्याऐवजी जाड प्लास्टिकचं किंवा रेक्झिनचं कव्हर शिवून घ्या. रोज संध्याकाळी रोलचं पुढचं टोक बाहेर लोंबत ठेवू नका, धूळ तिथूनच आत ओढली जाते.

वीज गेल्यावर काय होतं ते समजून घ्या. इंकजेटचं हेड काम नसताना उजव्या किंवा डाव्या टोकाला एका रबरी टोपीवर जाऊन बसतं. ती टोपी शाई सुकू देत नाही. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड मध्येच उघडं राहतं. उन्हाळ्यात चार-पाच तास लाइट आली नाही तर तेवढ्यात नुकसान होऊ शकतं. म्हणून यूपीएस चैनीत मोजू नका. सुदैवाने ही मशीनं वीज फार कमी खातात. लहान मॉडेलांना छापताना ट्यूबलाइट-पंख्याएवढीच, म्हणजे ३५ ते ७० वॅटच्या आसपास लागते, त्यामुळे कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएसही ते सांभाळतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद करून घरी जाऊ नका. मशीन स्लीपमध्ये राहू द्या, ते अधूनमधून स्वतःच हेड साफ करून घेतं. बंद करायचंच असेल तर मशीनवरच्या बटणाने करा, म्हणजे हेड टोपीवर जाऊन बसेल.

सर्व्हिस कोण देणार

मशीनची निवड शेवटी इथेच होते. पुण्या-मुंबईत बिघाड झाला तर माणूस दुसऱ्या दिवशी येतो. आपल्याकडे इंजिनिअर नाशिकहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणार असेल तर तो कधी येईल हे आधीच विचारा, आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या. शहादा, शिरपूर, चोपडा, रावेर इथल्यांनी तर हे नक्कीच करावं. वॉरंटी ऑन-साइट आहे की मशीन उचलून न्यावं लागेल? प्रिंटहेड वॉरंटीत येतं का? ते तुम्हाला स्वतः बदलता येतं का, आणि किंमत किती? वाया जाणाऱ्या शाईचा डबा तुम्ही बदलू शकता की त्यासाठीही माणूस बोलवायचा? शाई आणि रोल तुमच्या जिल्ह्यात कुणाच्या कपाटात आहेत?

मग तेच मॉडेल वापरणारं जवळचं ऑफिस शोधा आणि मे महिन्यात ते कसं चाललं ते विचारा. दोन मशीनं गुणांनी सारखी असतील तर ज्याचा माणूस लवकर येतो ते घ्या. थोडं जुनं मॉडेल असलं तरी.

डेमोला स्वतःची फाइल न्या

डीलरची नमुना फाइल बाजूला ठेवा. घरून दोन पीडीएफ न्या. पहिल्यात तुमचं खरं वर्किंग ड्रॉइंग: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५ आणि ०.५ मिलिमीटरच्या रेषा, दाट हॅच, दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं, आणि मराठी मजकूर. मराठीचं आवर्जून सांगतो, कारण जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, आणि जुन्या फॉन्टमधलं नाव छापताना चौकटी होऊन येतं. पीडीएफ बनवताना फॉन्ट आत एम्बेड करा. तरीही फुटलं तर प्रिंटच्या खिडकीत इमेज म्हणून छापायचा पर्याय निवडा.

त्याच ड्रॉइंगमध्ये ५०० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेषा काढून ठेवा. पेज स्केलिंग बंद करून, शंभर टक्क्यांवर छापा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. कंपन्या लांबीची अचूकता साधारण ०.१ टक्क्याच्या आत सांगतात, म्हणजे ५०० ला अर्धा मिलिमीटर. त्याहून फरक दिसला तर कागदाचं कॅलिब्रेशन करायला सांगा. १:१०० ला अर्धा मिलिमीटर म्हणजे साइटवर ५ सेंटिमीटर होतात. त्यातून कागद हवेने ताणतो-आकसतो, तेव्हा प्रत्येक शीटवर "लिहिलेली मापं ग्राह्य, स्केल लावू नये" ही ओळ हवीच.

दुसरी पीडीएफ रंगीत बोर्डची. कोटेड कागद स्वतः सोबत न्या. वेग बघताना लक्ष ठेवा: माहितीपत्रकात ए१ शीटला २६ किंवा ३५ सेकंद लिहिलेले असतात, ते ड्राफ्ट मोडचे. तुमचा बोर्ड बेस्ट मोडमध्ये काही मिनिटं घेईल. घड्याळ लावून बघा.

दोन्ही शीट दहा मिनिटं वाळू द्या. मग लाल हॅचवर आणि काळ्या मापांवर पाण्याचा एकेक थेंब टाका, अर्धं मिनिट थांबा, बोट ओढा. डीलरसमोरच करा. त्याचं उत्तर काही असो, कागद खरं सांगतो.

स्कॅनर आणि जुनं मशीन

एचपीच्या टी८३० सारख्या मशीनमध्ये वर मोठा स्कॅनर असतो. जुन्या वाड्यांचे अमोनिया प्रिंट, मोजणीचे नकाशे, साइटवरून लाल पेनाने दुरुस्त होऊन आलेली शीट हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं काम रोजचं असेल तरच घ्या. एरवी फोनवरचा फोटो आणि दुकानातला स्कॅन पुरतो.

जुनं मशीन स्वस्तात मिळतं, पण बघून घ्या. आतला वापराचा अहवाल छापायला लावा, त्यात किती छपाई झाली ते कळतं. कॅरेज ओढणारा रबरी पट्टा उजेडात बघा. उष्णतेने तो कडक होतो, तडकतो, भुगा पडतो. त्या मॉडेलची शाई अजून बनते का ते विचारा. आणि तुमच्या आजच्या विंडोजवर ड्रायव्हर बसतो का ते तिथेच लॅपटॉप जोडून तपासा. यातलं एक जरी जमलं नाही, तर सोडून द्या.

मशीन आल्यावर

जागा आधी मोजा. २४ इंची मशीन साधारण एक मीटर रुंद असतं, ३६ इंची १.३ मीटर. पुढे कागद पडायला आणि मागे रोल घालायला माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. खोकं जिन्याच्या वळणावरून जाईल का तेही बघा.

बसवायला आलेल्या माणसाकडून तीन गोष्टी स्वतः करून शिका: रोल सरळ घालणं, हेड अलाइनमेंट आणि नोझल तपासणीचं पान काढणं. मग ऑटोकॅडमध्ये तुमची सीटीबी फाइल (छापताना रेषांची जाडी आणि रंग ठरवणारी) या मशीनसाठी एकदा नीट लावा. दुकानातल्या मशीनवर ०.१८ ची रेषा जशी दिसायची तशी इथे दिसणार नाही. एकाच शीटवर सगळ्या जाड्या छापून त्यातल्या कोणत्या डोळ्याला वेगळ्या कळतात ते ठरवा, आणि तीच फाइल ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर टाका. डीडब्ल्यूजीवरून, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ फाइलवरून, थेट छापू नका. आधी पीडीएफ करा, नजरेखालून घाला, मग छापा. नावात तारीख आणि आर-१, आर-२ असा रिव्हिजन नंबर घाला, म्हणजे साइटवर जुनी शीट फिरणार नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर बरोबर आहे ना ते त्याच दिवशी तपासा. सिरियल नंबर आणि बसवल्याची तारीख वॉरंटी कार्डावर लिहून घ्या. दर सोमवारी सकाळी चारही रंग असलेली एक छोटी शीट काढायची सवय ऑफिसातल्या एका माणसाकडे सोपवा. दिवाळीच्या सुट्टीतही कुणीतरी येऊन ती काढली पाहिजे. काळ्या शाईचं एक जादा काट्रिज आणि एक सीलबंद रोल कपाटात कायम असू द्या, विशेषतः एप्रिल ते जूनमध्ये, कारण पावसाच्या आत स्लॅब टाकायची सगळ्यांचीच घाई तेव्हा असते आणि डीलरकडचा माल नेमका त्याच आठवड्यात संपतो.